रात्रीची कोरडी गादी: आधी मुलाला झोपेत उचलून नेणं थांबवा

दिवसा शू सांगणारं, स्वतः चड्डी काढून बसणारं मूल रात्री गादी भिजवतं आणि घरातले मोठे म्हणतात, "तीन वर्षांचा घोडा झाला, शिकव आता त्याला." रात्रीचं शिकवून येत नाही. झोपेत लघवी कमी बनावी म्हणून मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सुटतं. रात्री ते पुरेसं सुटायला काही मुलांना तीन वर्षं लागतात, काहींना सहा. शिवाय मूत्राशय भरल्याची खबर झोपलेल्या मेंदूपर्यंत पोचावी लागते, तीही वयानंच पोचते. पाच वर्षांच्या १०० मुलांपैकी साधारण १५ मुलं रात्री ओली असतात. हे सगळं आपल्या गतीनं येत असतं, आपण फक्त त्याच्या आड यायचं नाही. इंदूरला रामबागेतल्या आमच्या एकत्र घरात माझे दोन मुलगे, जाऊबाईंची मुलगी आणि आता नातू, अशा चौघांच्या ओल्या गाद्या मी काढल्या आहेत, आणि पहिल्याच्या वेळी मी आडच आले होते.

दिवसा दोन-तीन महिने कोरडं राहत असेल आणि आठवड्यातल्या बहुतेक सकाळी डायपर हाताला हलका लागत असेल, तरच रात्रीचा डायपर काढा. शेजारच्या मुलाचा निघाला म्हणून काढू नका. थंडीत तर नकोच. डिसेंबर-जानेवारीत इथे घाम येत नाही, शू जास्त होते, गादी वाळत नाही आणि गार फरशीवर पाय टाकायला मूल तयार नसतं. एप्रिल उत्तम.

अंथरूण असं घाला: गादी, मेणकापड, सुती चादर, त्यावर पुन्हा मेणकापड, पुन्हा चादर. रात्री भिजलं की वरचे दोन थर ओढून काढा, चड्डी बदला, झोपा. संडासाच्या वाटेवर झीरोचा बल्ब ठेवा.

"संध्याकाळी पाचनंतर पाण्याचा थेंब देऊ नकोस" हा सल्ला मला सगळ्यात जास्त वेळा मिळाला, आणि तो चुकीचा आहे. तहानलेलं मूल रात्री रडतं, शू गडद होते, शी कडक होते. पाणी तोडू नका, त्याची वेळ बदला. सकाळच्या पोह्यांबरोबर पेलाभर, दुपारी दोन-तीनदा, खेळून आल्यावर एकदा. दिवसभर भरपूर प्यायलेलं मूल रात्री आपोआप कमी मागतं. दूध झोपायच्या दोन तास आधी. बशीतला चहा बंद, आजोबांनी कितीही लाडानं दिला तरी. चहानं शू वाढते. तीन वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात जेमतेम १२० ते १५० मिली मावतं, म्हणजे आपला एक कप. सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री दहाला शिकंजी पाजून आणलेल्या मुलानं सकाळी कोरडं उठावं, अशी अपेक्षा धरू नका. झोपताना दोनदा शू: गोष्टीच्या आधी एकदा, दिवा मालवताना एकदा.

आता मध्यरात्रीचं. थोरल्याच्या वेळी मी साडेअकराचा आणि अडीचचा गजर लावायची. त्याला खांद्यावर टाकून मोरीत न्यायचं, नळ थोडा सोडायचा, "शूऽऽ" म्हणायचं. तो डोळे मिटूनच करायचा, मी परत आणून टाकायची. सात महिने हे केलं. गादी कोरडी राहायची आणि मी सगळ्यांना कौतुकानं सांगायची. मग मला टायफॉइड झाला. तीन आठवडे कोणी उठलं नाही, आणि पोरगा पहिल्या रात्रीपासून रोज भिजला. सात महिन्यांत चादरी वाचल्या होत्या, मुलाला काहीच आलं नव्हतं. उलट भरल्या मूत्राशयानं स्वतःला जागं करायची वेळ मी त्याच्यावर येऊच दिली नव्हती, आणि नळाच्या आवाजावर झोपेतच शू करायची सवय मात्र लावली होती.

म्हणून माझं मत पक्कं आहे: झोपेतल्या मुलाला उचलून नेऊ नका. "आमच्याकडे सगळे असंच करतात" म्हणणाऱ्या काकूंना हसून मान डोलवा आणि झोपा. फारच गरज पडली, म्हणजे लग्नघरी किंवा पाहुण्यांच्या गादीवर, तर तुम्ही झोपायला जाताना एकदाच पूर्ण जागं करा. दिवा लावा, स्वतःच्या पायानं चालत जाऊ द्या, शू झाली का ते त्याच्या तोंडून ऐका. सकाळी विचारा, "रात्री उठला होतास, आठवतं?" आठवत नसेल तर तो बहुधा पूर्ण जागा नव्हताच.

धाकट्याच्या वेळी मी गजर लावला नाही, शेजारी झोपले. भिजायच्या थोडं आधी तो चुळबुळ करायचा, पांघरूण लाथाडायचा. त्या क्षणी हळूच "शू आली का?" एवढंच विचारायचं. उठला तर वाट दाखवायची, नाही उठला तर भिजू द्यायचं. पहिला महिना जवळजवळ रोज भिजला आणि मला तीनदा वाटलं की गजर बरा होता. दुसऱ्या महिन्यात एका रात्री तो स्वतः उठून बसला आणि मला हलवलं. तिथून पुढे दोन पावलं मागे, तीन पुढे असं होत गेलं. त्या पहिल्या महिन्यात घाबरून पुन्हा उचलायला लागू नका, बहुतेक आया तिथेच हरतात.

भिजल्यावर "ओलं झालं, बदलू या" याच्या पलीकडे बोलायचं नाही. झोपेत झालेली गोष्ट मुद्दाम केलेली नसते. मामेभावंडांसमोर विषय काढू नका, गादी रस्त्याकडच्या गॅलरीत न टाकता गच्चीवर वाळवा. कोरड्या रात्रीसाठी चॉकलेटही नको. जे त्याच्या हातात नाही त्याचं बक्षीस लावलं की न मिळाल्याचं दुःखच होतं. झोपताना न सांगता शू करून आला तर शाबासकी जरूर द्या. थोरल्याला मी रागावले होते, ते मला अजून टोचतं. नंतर सासूबाईंनी सांगितलं, की ह्यांचीही गादी दुसरीत जाईपर्यंत ओली असायची. हे बरेचदा घराण्यात असतं. आधी चौकशी करा, आणि मुलालाही सांगा, "बाबाही असाच होता."

गादी कोरडी राहावी म्हणून तीळगुळाचा लाडू द्यायला सांगतात. खुशाल खाऊ घाला, चवीला छान असतो. गादीशी त्याचा संबंध नाही. गादीशी संबंध पोट साफ असण्याचा आहे. जाऊबाईंच्या मुलीला तिसऱ्या दिवशी कडक शी व्हायची आणि ते कोणी मोजतच नव्हतं. तुंबलेलं आतडं पुढच्या मूत्राशयावर दाबतं. तिचं दिवसातलं चार कप दूध दोनवर आणलं, मैद्याची बिस्किटं बंद केली, पपई, भिजवलेल्या मनुका आणि न्याहारीनंतर रोज दहा मिनिटं बसायची सवय लावली. महिन्याभरात ओल्या रात्री निम्म्यावर आल्या.

रात्रीच्या गाडीनं पुण्याला जाताना डायपर घाला. एका रात्रीनं काही बिघडत नाही.

पाच वर्षांच्या आत नुसती ओली गादी म्हणजे आजार नव्हे. पण सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा भिजायला लागलं, शू करताना जळजळ होत असेल, दिवसाही थेंब गळत असतील किंवा झोपेत जोरात घोरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सतत तहान, उतरणारं वजन आणि अचानक ओली गादी एकत्र दिसली तर त्याच दिवशी जा. लहान मुलांतला मधुमेह असा सुरू होतो, आणि तिथे घरगुती उपाय करत बसायला वेळ नसतो.

सलग दोन आठवडे कोरडे गेले की वरचं मेणकापड काढा. खालचं पुढची थंडी सरेपर्यंत राहू द्या.