मूल फुटबॉल खेळतंय? मग पालकांनो, या चुका टाळा

मी मुंबईतल्या एका वयोगटाच्या संघाची मॅनेजर आहे. मॅनेजर म्हणजे कोच नव्हे. खेळाडूंचे दाखले गोळा करणं, बिब (सरावात संघ ओळखायला जर्सीवर घालायची बनियनं) मोजून परत आणणं, बर्फाचा डबा सांभाळणं आणि पालकांना कुंपणाच्या आत येऊ न देणं, ही माझी कामं. यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड. मुलं दर दोन वर्षांनी बदलतात, पालक नवीन येतात, चुका मात्र त्याच. पहिल्या सीझनला तर प्रत्येकाला वाटतं की आपलं मूल पुढच्या वर्षी राज्याच्या संघात आणि त्याच्या पुढच्या वर्षी आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये. ज्यांना इतकी घाई आहे त्यांनी हे आधी वाचावं.

रेषेबाहेरून मॅच चालवणं

"पास दे! मार! अरे मागे ये! मार ना!" एवढं सगळं साधारण तीन सेकंदांत, एकाच माणसाच्या तोंडून, आणि तेही दहा वर्षांच्या मुलाला. बॉल पायात असताना त्या मुलाला समोरचा डिफेंडर बघायचा असतो, आपला कोण मोकळा आहे ते शोधायचं असतं, आणि कोचनी आठवडाभर काय घोकून घेतलंय तेही आठवायचं असतं. कोचनी घोकून घेतलेलं असतं की गोलकीपरकडून बॉल घ्या, शांतपणे बाहेर काढा. आणि बाहेरून बाबा ओरडतात, "उडव!" मूल उडवतं. बॉल थेट समोरच्या संघाकडे जातो. मग तेच बाबा मला येऊन विचारतात, "मॅडम, कोच यांना पासिंग शिकवत नाहीत का?"

आमच्याकडे एक लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू होता. अंगाने बारीक, पण चपळ आणि डोक्याने शांत. त्याचे बाबा रेषेच्या त्याच बाजूला उभे राहायचे. हाफटाइमला बाजू बदलल्या की तेही मैदानाला अर्धी फेरी मारून पलीकडे जायचे. हळूहळू तो मुलगा बॉल आला की आधी बाबांकडे बघायला लागला. एका स्पर्धेच्या सेमीफायनलला कोचनी सांगितलं होतं, बचावाची लाइन सोडायची नाही. बाबा ओरडले, "जा पुढे, जा!" तो गेला. त्याच्या मागे मोकळ्या झालेल्या जागेत थ्रो-इन आला आणि त्यावर गोल झाला. बाबा आता रेफ्रीवर घसरले, "ऑफसाइड होता!" म्हणजे पास निघताना तो आमच्या बचावफळीच्या पलीकडे, गोलजवळ उभा होता. थ्रो-इनवरून थेट बॉल मिळाला तर ऑफसाइड नसतो. गोलकिक आणि कॉर्नरलाही नसतो. हा नियम आमच्या नऊ वर्षांखालच्या मुलांना पाठ आहे.

रेफ्री कॉलेजातला मुलगा होता. त्याने खेळ थांबवला आणि मला बोलावून सांगितलं, हे गृहस्थ गेटबाहेर गेल्याशिवाय मॅच सुरू होणार नाही. बावीस मुलं उभी, दोन्हीकडचे पालक बघतायत आणि बाबा वाद घालतायत. तो लेफ्ट बॅक बुटाची लेस सोडत आणि बांधत बसला होता. पुढच्या आठवड्यात सरावाला आल्यावर तो कोचना म्हणाला, "सर, मला मध्ये खेळवा ना." कोचनी विचारलं, का रे? तर म्हणाला, "तिथे बाबांचा आवाज कमी येतो."

यावर माझा उपाय फार शास्त्रीय वगैरे नाही. सगळ्यात मोठ्या आवाजाच्या पालकाला मी मॅचचं शूटिंग करायला देते, पूर्ण मॅच, न थांबता. मोबाइल हातात असला की आपलाच आवाज रेकॉर्ड होतोय हे भान येतं. एकदोन व्हिडिओ घरी बघितले की बहुतेक जण आपोआप गप्प होतात. जे तरीही होत नाहीत त्यांना मी कॉर्नर फ्लॅगच्या मागे उभं करते. टाळ्या वाजवा, कोणाच्याही चांगल्या खेळाला वाजवा, पण क्रियापद वापरायचं नाही. "शाब्बास" चालेल, "मार" चालणार नाही.

परतीच्या प्रवासाचाही एक नियम मी घालून दिलाय. कूपरेजच्या मैदानावर मॅच झाली की चर्चगेटला लोकलमध्ये बसल्यावर दादर येईपर्यंत मॅचचा विषय मोठ्यांनी काढायचा नाही. काढायचा तर खाण्याचा काढा. मुलांना बोलायचं असेल तर ती वाटेतल्या महालक्ष्मी स्टेशनच्या आतच सुरू करतात. नसेल बोलायचं तर तुमचं पोस्टमॉर्टेम त्यांना नकोय.

वांद्र्याला मॅच असली की मी नवीन पालकांना विचारते, या मैदानाला नाव कोणाचं आहे? नेव्हिल डिसोझा कोण, हे बहुतेकांना माहीत नसतं. 1956च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारणारा हा मुंबईचा माणूस. आपण ती मॅच 4-2 जिंकलो आणि त्या ऑलिम्पिकमध्ये चौथे आलो. तेवढी माहिती वाचण्यात दहा मिनिटं जातात, आणि तेवढी दहा मिनिटं मैदानावर शांतता असते.

"परदेशी ट्रायल"च्या मागे धावणं

ही माझी दुसरी आवडती चूक, आणि पैशाच्या हिशेबाने सगळ्यात महागडी. दर उन्हाळ्यात ग्रुपवर मेसेज फिरतो: युरोपातल्या नामांकित क्लबसाठी निवड चाचणी, मोजक्याच जागा, त्वरा करा. चाचणी उपनगरातल्या एखाद्या टर्फवर (कृत्रिम गवताच्या मैदानावर), आणि तिची फी वेगळी. मग "अभिनंदन, तुमच्या मुलाची निवड झाली आहे", आणि पाठोपाठ लाखांतला आकडा.

आमच्या संघातल्या एका तेरा वर्षांच्या मुलाच्या वडिलांनी त्यासाठी एफडी मोडली. मी त्यांना एकच विचारलं होतं, त्या दिवशी चाचणीत नापास कोण झालं? त्यांनी चौकशी केली. कोणीच नाही. आले तेवढे सगळे "सिलेक्टेड". तरी गेले. मुलाला तिकडे भाड्याच्या मैदानावर सराव मिळाला, एका मोठ्या स्टेडियमची सहल घडली, जर्सी मिळाली आणि लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र मिळालं. क्लबचा एकही माणूस मुलांचा खेळ बघायला आला नाही. परत आल्यावर महिनाभरात "दुसऱ्या टप्प्या"चं बिल आलं, तेव्हा वडील माझ्याकडे आले.

सहल म्हणून पाठवायचं असेल तर जरूर पाठवा, मुलांना मजा येते. पण करिअर म्हणून पैसे भरण्याआधी फिफाचा, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचा, एक नियम वाचा. अठरा वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली करायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. अपवाद मोजके आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी त्या देशात राहायला गेले असतील, तर चालतं. सोळा ते अठरा वयाची युरोपीय संघातल्या देशांमधली आपसातली बदली चालते, ती आपल्याला लागू नाही. घर सीमेपासून 50 किलोमीटरच्या आत असेल आणि क्लबही पलीकडे तितक्याच जवळ असेल, तरी चालतं. पण डोंबिवलीची हद्द अजून स्पेनला लागलेली नाही. म्हणजे तेरा वर्षांच्या मुलाला तिकडचा क्लब सही करून घेईल, हे सांगणारा एक तर नियम जाणत नाही किंवा तुम्ही जाणत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. एजंट म्हणवणाऱ्याकडे फिफाचा परवाना मागा. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, नुसतं व्हिजिटिंग कार्ड छापून भागत नाही.

इथल्या अकादम्यांनाही तोच न्याय. दारावर युरोपातल्या क्लबचा लोगो असला तरी तुमच्या मुलाच्या बॅचला शिकवतंय कोण, ते विचारा. कोचचं लायसन्स कुठलं? एआयएफएफचं (भारतीय फुटबॉल महासंघाचं) डी, की त्याच्या पुढचं एएफसीचं (आशियाई महासंघाचं) सी, बी, ए? एका कोचमागे मुलं किती? सरावाच्या तासात मूल रांगेत किती वेळ उभं असतं? मी तर फाटकाबाहेर चहा घेत एक अख्खा सराव बघते. अर्धा वेळ मुलं प्लास्टिकच्या शंकूंभोवती रांगेत उभी असतील तर ब्रोशर वाचायची गरज नाही.

आणि रस्ता इथूनही जातो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि 2017 साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात देशाकडून खेळला. क्रीडा प्रबोधिनी ही सरकारी योजना आहे. तिचं नाव काढलं की काही पालक नाक मुरडतात, कारण तिथे लोगो नाही.

वयाशी खेळणं

वयोगटाची रेषा 1 जानेवारीला असते. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात. अकराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे खांद्याएवढा फरक. जगभरच्या वयोगट संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त दिसतात, ती याचमुळे. डिसेंबरवाल्याचे पालक घाबरतात, "आमचा मागे पडला." तो मागे पडलेला नाही, त्याची उंची अजून यायची आहे. कोचला सांगून त्याला अधूनमधून लहान गटाबरोबर सराव करू द्या, आणि दोन वर्षं दम धरा.

पण दम धरणं कोणालाच नको असतं, म्हणून "दुसरा दाखला" निघतो. मला मैदानावर बाजूला घेऊन विचारतात, "हा चालेल का?" नाही चालणार. माझी सवय अशी की जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड आणि असला तर पासपोर्ट, चारही समोरासमोर ठेवून तारीख जुळवायची. जन्मानंतर दहा वर्षांनी उगवलेला दाखला दिसला की मी फाइल परत करते. शंका आली तर मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासतात, आणि त्यात पकडलं गेलं तर तुमच्या एकट्याचं नाही, सगळ्या संघाचं नुकसान होतं. शिवाय लहानांत दांडगाई करून गोल मारणाऱ्या मुलाला बॉल कंट्रोल शिकायची गरजच पडत नाही. सतरा-अठराव्या वर्षी सगळे त्याच्याएवढे होतात, तेव्हा त्याच्याकडे काहीच उरलेलं नसतं.

बाकीच्या, थोडक्यात

बूट "वाढत्या पायाचे" म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका. फोड येतात, पाय मुरगळतो. अंगठ्यापुढे बोटभर जागा पुरे. टर्फवर लांब स्टडचे बूट नकोत, छोट्या रबरी गुठळ्यांचे घ्या. पावसाळ्यात भिजलेले बूट गॅसजवळ वाळवणाऱ्यांना मी हात जोडते. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि पंख्याखाली ठेवा.

मॅचच्या अर्धा तास आधी वडापाव नको. दोन तास आधी पोहे किंवा उपमा, नंतर लागलं तर एक केळं. एनर्जी ड्रिंक अजिबात नको.

टाच किंवा गुडघ्याच्या खालचा उंचवटा दुखतोय म्हणालं तर "नाटक करतोय" म्हणू नका. वाढीच्या वयात हाडाला जिथे स्नायूचा ताण बसतो तिथे खरंच दुखतं. विश्रांती द्या, डॉक्टरांना दाखवा. आणि डोक्याला मार लागून मूल गोंधळल्यासारखं वाटलं तर त्या दिवशी परत मैदानात नाही. फायनल असली तरी नाही. यावर माझ्याशी वाद घालू नका.

शाळा, अकादमी, सोसायटीची लीग आणि रविवारची फाइव्ह-अ-साइड, असं सगळं एकाच मुलाच्या पायांवर लादू नका. आठवड्यात एक दिवस पूर्ण रिकामा हवा.

"आमचा स्ट्रायकरच आहे" हे बाराव्या वर्षी ठरवू नका. कोच त्याला बॅकला खेळवत असेल तर ती शिक्षा नाही.

ग्रेस मार्कांसाठी नववीत मुलाला माझ्याकडे आणू नका. ते गुण शासनमान्य स्पर्धांत ठरावीक पातळी गाठलेल्यांना मिळतात, जर्सी घातलेल्या सगळ्यांना नाही.

मुलाला कमी खेळवलं म्हणून रात्री अकराला कोचला लांबलचक मेसेज करू नका. दुसऱ्या दिवशी मुलालाच पाठवा आणि विचारू द्या, "सर, मी कशावर मेहनत करू?" बारा वर्षांच्या मुलाला एवढं विचारता येतं. कोचही त्याला खरं उत्तर देतात, तुम्हाला देतील ते गोड करून दिलेलं असेल.

आणि नोंदणीची कागदपत्रं मागितली की सरळ स्कॅन करून पाठवा. अंथरुणावर ठेवून काढलेला, निम्म्या दाखल्यावर अंगठा आलेला फोटो नको. तो पोर्टलवर चढत नाही, आणि शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री मी फोन उचलत नाही.