डेस्कटॉपवर वायफाय रडतंय? प्लॅन वाढवायच्या आधी या चुका टाळा

मोबाइलवर स्पीड मस्त येतो आणि त्याच खोलीतल्या डेस्कटॉपवर मात्र मीटिंगमध्ये आवाज तुटतो, डाउनलोड मधेच लटकतं, मग घरात सगळ्यांचं एकच, अरे प्लॅन वाढव. थांबा जरा. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर मोबाइलला ८०-९० मिळत असतील तर प्लॅनला कशाला दोष द्यायचा, घोळ राउटर आणि पीसीच्या मधेच आहे.

पहिली चूक हीच, की नक्की कुठे अडतंय ते न बघता कंपनीच्या कस्टमर केअरशी भांडत बसायचं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, पिंग (ping) लिहा, म्हणजे समोरून उत्तर यायला किती वेळ लागतो ते दिसतं, मग स्पेस देऊन राउटरचा आयपी, म्हणजे त्याचा नेटवर्कवरचा पत्ता (बऱ्याच घरी १९२.१६८.१.१, नाहीतर राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो), परत स्पेस आणि डॅश टी (-t). दोन-चार मिनिटं चालू द्या. घरातल्या घरात उत्तर यायला एक-दोन आकडी मिलिसेकंद पुरतात, तिथे मधेच तीनशे-चारशे दिसले किंवा रिक्वेस्ट टाइम्ड आउट आलं तर तुमचं वायफायच गंडलंय. हे नीट येतंय पण ८.८.८.८ ला (हा बाहेरचा, गूगलचा सर्व्हर) पिंग केलं की अडतंय, तर खुशाल तक्रार करा.

आता मेन गोष्ट. डेस्कटॉपचं वायफाय खराब असण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे अँटेना चुकीच्या जागी असते. वायफाय पकडणारा छोटा यूएसबी डोंगल मागच्या पोर्टात खुपसलेला, सीपीयू टेबलाच्या खालच्या खणात, पाठ भिंतीला, पुढे पत्र्याचा डबा, वर केबलींचं जंजाळ, सिग्नल येणार कुठून? त्यात तो डोंगल निळ्या यूएसबी ३.० पोर्टात असेल आणि शेजारी एक्स्टर्नल हार्ड डिस्क चालू असेल तर अजूनच वाट लागते, कारण यूएसबी ३.० चा नॉइज वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच पडतो, इंटेलने २०१२ मध्येच यावर पेपर काढला होता. उपाय एकदम स्वस्त, तीन-चार फुटी यूएसबी एक्स्टेंशन केबल घ्या आणि डोंगल टेबलावर, मॉनिटरच्या बाजूला आणून ठेवा. नवीन काही घ्यायच्या आधी हे कराच.

मदरबोर्डलाच वायफाय असेल तर मागे बघा, स्क्रूसारखे आटे असलेले दोन सोनेरी पॉइंट उघडे दिसतात का? म्हणजे अँटेना लावल्याच नाहीत, त्या मदरबोर्डच्या खोक्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून असतात. असेंबल करून देणारा लावायला विसरतो आणि राउटर जवळ असला की त्याशिवायही कनेक्ट होतं म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही.

१५० एमबीपीएस लिहिलेला नखाएवढा डोंगल फक्त २.४ वर चालतो आणि प्रत्यक्षात लिहिलेल्याच्या निम्मंही देत नाही, त्याच्याकडून २०० च्या प्लॅनची अपेक्षाच चूक आहे. ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ दोन्हीवर चालणारा घ्या आणि ५ गिगाहर्ट्झला जोडा. मधे दोन भिंती किंवा लोखंडी कपाट असेल तर मात्र ५ चा सिग्नल मरतो, मग २.४ च बरं. सोसायटीत वीस-पंचवीस वायफाय दिसत असतील तर राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ ला चॅनल १, ६ किंवा ११ यातला जो मोकळा असेल तो, आणि चॅनलची विड्थ (रुंदी) २० मेगाहर्ट्झ ठेवा, ४० करून स्पीड वाढेल असं कोणी सांगितलं तरी गर्दीत ते उलटंच होतं. ५ वर अधूनमधून सगळंच गायब होऊन दोन-एक मिनिटांनी परत येत असेल तर राउटर ५२ ते १४४ मधल्या चॅनलवर आहे का बघा, तिथे रडारसारखं काही जाणवलं की राउटरला चॅनल सोडावंच लागतं. ३६ ते ४८ मधलं एखादं ठेवा.

थोडा वेळ काही केलं नाही की नेट जातंय? डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अॅडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असेल, तिथली वीज वाचवायला डिव्हाइस बंद करायची टिक काढा. विंडोज अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर तिथेच ड्रायव्हरच्या टॅबमध्ये रोल बॅक करून, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत आणून बघा.

आणि प्लीज, वैतागून राउटरच्या भोकात पिन खुपसू नका! रीस्टार्ट म्हणजे नुसतं बंद करून चालू, रीसेट म्हणजे भरलेलं सगळं पुसणं. बऱ्याच फायबर कनेक्शनला राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड भरलेला असतो, तो रीसेटने उडतो आणि मग माणूस येईपर्यंत घर ऑफलाइन.

वायफाय पकडून पुढे पाठवणाऱ्या रिपीटरच्या नादाला मी तरी लागणार नाही, साधा सिंगल बँडवाला तर स्पीड जवळपास निम्मा करतो. पीसी काही रोज उठून दुसऱ्या खोलीत जात नाही, त्यामुळे शक्य असेल तर भिंतीच्या कडेने कॅट ५ई किंवा कॅट ६ (नेटवर्कची) केबल ओढा, १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस आरामात. फक्त केबलला टोकाचा कनेक्टर बसवणाऱ्याला (क्रिंप करणाऱ्याला) आठही वायर लावायला सांगा, चारच लावल्या तर लिंक १०० एमबीपीएसवरच अडते.