उन्हात बाइकच्या टाकीतून पेट्रोल सांडतंय? असं थांबवा

टाकी काठोकाठ भरून गाडी भर उन्हात लावली की पेट्रोल बाहेर येणारच. तापमान 10 अंशांनी वाढलं की पेट्रोल साधारण एक टक्का फुगतं. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून ते थंड येतं. तुमच्या 12 लिटरच्या टाकीत ते 25 अंशांवरून 45 वर गेलं की जवळपास पाव लिटर वाढतं, आणि त्याला आत जागाच नसते.

म्हणून पहिली गोष्ट भरतानाच करायची. टाकीच्या तोंडातून आत डोकावलं की खाली उतरलेली पत्र्याची कड दिसते. पेट्रोल त्या कडेच्या खालच्या टोकापर्यंतच घ्या. नॉझल आपोआप बंद झाल्यावर आकडा पूर्ण करायला आणखी थोडं घालायला सांगू नका. भरताना गाडी सरळ उभी हवी. टाकी भरल्या भरल्या ती साईड स्टँडवर उन्हात सोडू नका. आधी थोडी चालवा, नाहीतर सावलीत लावा.

एवढं करूनही झाकणाभोवती पेट्रोल साचत असेल, तर खरं काम निचऱ्याच्या नळीचं आहे. बहुतेक गाड्यांत झाकणाभोवतीच्या खाचेत एक बारीक भोक असतं. तिथे आलेलं पाणी किंवा पेट्रोल नळीतून इंजिनमागे जमिनीवर पडावं, एवढंच त्याचं काम. ते धुळीने बुजतं. ‘एम-सील लावून भोकच बंद करा’ असा सल्ला मला दोघांनी दिला होता. कृपा करून हे करू नका. पावसाचं पाणी मग तिथेच साचतं आणि हळूहळू टाकीत उतरतं.

साफ करताना टाकी निम्म्याहून कमी भरलेली आणि इंजिन पूर्ण गार हवं. टाकीच्या तोंडात स्वच्छ फडकं घट्ट बसवा, त्याचं टोक बाहेर ठेवा. सुईशिवायच्या सिरिंजने भोकात थोडं पाणी सोडा आणि खाली नळीच्या टोकाकडे बघा. पाणी धारेने आलं तर नळी मोकळी आहे. थेंब थेंब आलं किंवा आलंच नाही, तर खालच्या टोकाकडून सायकलच्या पंपाने हलकी हवा मारा, म्हणजे कचरा वर खाचेत येतो. कंप्रेसर नको, त्याच्या दाबाने नळी टाकीखालच्या तोटीवरून निसटते. तारही घालू नका. मी घातली होती. तारेचं टोक रबरी नळीतून आरपार गेलं, मला कळलंही नाही, आणि पुढच्याच दुपारी पेट्रोल थेट गरम इंजिनवर टपकायला लागलं. त्या दिवसापासून मी फक्त मासेमारीचा जाड नायलॉन दोरा वापरतो.

हवा मारूनही पाणी उतरत नसेल तर सीट काढून टाकीखाली बघा. टाकी कधी उतरवून परत बसवली असेल तर नळी तिच्याखाली दबलेली असू शकते. माझ्या गाडीत ती बोल्टजवळ चपटी होऊन पार पट्टीसारखी झाली होती. दोन महिने मी नुसतं भोक साफ करत बसलो होतो. अशी नळी सरळ करून भागत नाही, ती पुन्हा तिथेच मुडपते. पेट्रोलसाठीचीच नवी नळी घ्या. साधी पारदर्शक प्लास्टिकची नळी काही दिवसांत कडक होऊन तडकते.

झाकणाचं रबर चिरलं असेल तर बदला. झाकणाचं हवेचं भोक वेगळं असतं, तेही मोकळं हवं, पण ड्रिलने मोठं करू नका.

कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल कार्ब्युरेटरखालच्या नळीतून टपकत असेल तर दोष टाकीचा नाही, फ्लोटच्या सुईचा आहे, म्हणजे कार्ब्युरेटर भरला की आत येणारं पेट्रोल थांबवणाऱ्या सुईचा. गाडी लावताना टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद ठेवा आणि सुई तपासून घ्या.

पेट्रोल सांडलेलं असताना स्टार्टरला हात लावू नका. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि इंजिनभोवती खालीच रेंगाळते. गाडी उघड्यावर ढकलत न्या, पुसून घ्या, वास पूर्ण गेल्यावरच चालू करा. टाकीवरचे ओघळ लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंगावर डाग बसतात.