काळ्या रानाची झळ आणि मोसंबीची गळ

चैत्र लागला की रब्बीची रानं मोकळी होतात, तुराट्या आणि धसकटं बांधाला गोळा होतात आणि दिवस मावळायला शिवारात जागोजाग धूर दिसू लागतो. मोसंबीवाल्यांनो, यंदा काडी ओढण्याआधी दुपारी दोन वाजता उघड्या रानात बसून मातीला हात लावून बघा. तळहात टिकत नाही. काळी माती ऊन परतवत नाही, जवळपास सगळं पिऊन घेते. भर उन्हाळ्यात कोरड्या मातीचा वरचा थर 60 अंशांपर्यंत तापतो. त्यावरची हवा तापते आणि तीच झळ वाऱ्याबरोबर तुमच्या बागेत शिरते. आंबे बहाराची (आंब्याच्या मोहोराच्या सुमारास फुललेल्या बहराची) लिंबाएवढी फळं गळतात त्यात या झळेचा मोठा वाटा आहे.

ओल असली की गणित बदलतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते, तेवढी हवा तापायची वाचते. संध्याकाळी गाडीवरून उसाच्या फडाशेजारून जाताना अंगाला गारवा लागतो तो यामुळेच. म्हणून ऊस लावा, असं मी मुळीच म्हणणार नाही. उसाला पाणी फार लागतं, आणि आपल्याकडे पाण्याची काय गत होते ते पाहिलंय: 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं.

आपल्या हातात आहे ते पांघरूण. तुराटी, पऱ्हाटीची कुट्टी करा किंवा उसाचं पाचट आणा आणि झाडाच्या घेराखाली चार-पाच बोटं जाड पसरा. खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर ओल धरून डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) वाढतो. वाळवीवर नजर ठेवा. शेजारच्या बांधाची आग पाचटाला लागू नये म्हणून कडेने वखराची पाळी घालून पट्टा साफ ठेवा. आठ दिवसांनी पाचट उचलून बघा: खालची माती हाताला गार लागते, भेगा रुंदावलेल्या नसतात, पांढरी मुळी वर आलेली दिसते. खोडाला बोर्डो पेस्ट लावा (मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर). ठिबक रात्री किंवा पहाटे चालवा.

वारा अडवायला आत्ता पश्चिमेच्या बाजूला शेडनेट किंवा गोणपाट बांधा. खरी सोय मृगात करायची: धुऱ्यावर शेवरीच्या दोन ओळी, जरा विरळच. भिंतीसारखी दाट ओळ असली तर वारा वरून उसळून पलीकडे जोरात खाली येतो. विरळ ओळ वाऱ्याचा जोर मोडते आणि तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत आडोसा देते. शेवरीचं बी आताच धरून ठेवा.