दुबईला निघताय? बॅग नंतर भरा, आधी मुंबईतली कामं उरका

दुबईत नोकरी लागली की घरात पहिली चर्चा कुकर न्यायचा का आणि बॅग किती किलोची याचीच, आणि खरं सांगू का, कुकर, पोहे, तूरडाळ, कढीपत्ता सगळं तिथल्या करामा नाहीतर बर दुबई भागात आरामात मिळतं, मिळत नाहीत ते इथल्या सरकारी ऑफिसातले शिक्के. म्हणून ही यादी जरा उलटी लावलीये, तिथे बसून जे करता येत नाही किंवा करताना जीव जातो ते आधी.

पहिलं डिग्रीचं अटेस्टेशन, म्हणजे ती खरी असल्याचे सरकारी शिक्के. आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा दूतावास किंवा कॉन्सुलेट आणि शेवटी यूएईचं स्वतःचं परराष्ट्र मंत्रालय, मधली पायरी गाळून चालत नाही. बायको-मुलांना नंतर न्यायचं असेल तर लग्नाचं आणि जन्माचं सर्टिफिकेटही याच फेरीत टाका, आणि लग्न रजिस्टरच केलं नसेल (हॉलची पावती आणि अल्बम एवढाच पुरावा असलेली जोडपी मला बरीच माहितीयत) तर आधी बीएमसीचं वॉर्ड ऑफिस गाठा. नावं एकेक अक्षर लावून तपासा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, कधी शेवटी आईचंही, पासपोर्टवर वेगळाच क्रम आणि बायकोच्या कागदांवर अर्धी नावं माहेरची, हे सगळं इथे असतानाच निस्तरलेलं बरं. पासपोर्टवर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असा शेरा असेल तर नोकरीवर निघण्याआधी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी ऑफिसचा क्लिअरन्स लागतो, दहावी पास असाल तर तो शेरा काढून घेता येतो.

ऑफर लेटर वाचताना एकूण आकडा बघून खूश होऊ नका, बेसिक बघा, कारण ग्रॅच्युइटी त्याच्यावर निघते, पहिली ५ वर्षं दर वर्षामागे २१ दिवसांचं बेसिक. व्हिसाचा खर्च कायद्याने कंपनीचा, त्यामुळे एजंट त्याचे पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. आणि पासपोर्ट कंपनीने ठेवून घ्यायचा नसतो, कोणी कितीही गोड बोलून मागितला तरी.

बँक. नोकरीसाठी बाहेर गेलात की साधं सेव्हिंग खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं इथल्या कमाईसाठीचं खातं, करावं लागतं, आणि तिथली कमाई इथे पाठवायला एनआरई खातं उघडा. या सगळ्याला ओटीपी लागतो, म्हणून इथला नंबर बंद करू नका, रोमिंग चालू करून छोटा रिचार्ज मारत राहा. नंबर गेला की आधार, बँक, इन्कम टॅक्स सगळंच अडतं.

आता बॅग, आणि इथे कान टवकारा. खसखस न्यायची नाही. यूएईत ती बंदी असलेल्या यादीत आहे, आणि आपल्याकडे ती कुठे कुठे असते आठवा, अनारशांवर असते, घरच्या गोड्या मसाल्यात बहुतेकदा असते, डिंकाच्या लाडवात असते. आई प्रेमाने डबा भरून देईल, विचारा तिला काय काय घातलंय. औषधांचंही तेच, कोडीनवालं खोकल्याचं सिरप किंवा ट्रामाडॉलसारखी पेनकिलर सहज खिशात टाकून जायचं नाही, त्याला आधी परवानगी लागते. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन सोबत ठेवा. प्लग तिथे चौकोनी तीन पिनांचे, दोन अडॅप्टर टाका.

पैसे मात्र थोडे जास्तच न्या, कारण घर घेताना एकदम निघतात. भाडं महिन्याला नाही, वर्षाचं दोन-चार चेकमध्ये आगाऊ द्यायचं, एजंटचं कमिशन वेगळं, करार 'इजारी' या सरकारी भाडेकरार नोंदणीत रजिस्टर करायचा, मग 'देवा' (DEWA) या तिथल्या वीज-पाणी खात्याचं कनेक्शन, त्याला फ्लॅटसाठी २,००० दिरहॅम डिपॉझिट. वर वार्षिक भाड्याच्या ५ टक्के हाउसिंग फी महिन्याच्या बिलातून कापतात, हे आधी कोणी सांगतच नाही. सुरुवातीला एकटे असाल तर बेडस्पेस, म्हणजे शेअरिंगच्या खोलीत एक पलंग, घेऊन बघा, घाई नको.

उन्हाळा वाळवंटातला म्हणून कोरडा असेल असं समजू नका, दुबई समुद्रावर आहे, ऑगस्टमध्ये एसीतून बाहेर आलात की चष्म्यावर वाफ धरते. टाकीतलं पाणी एवढं तापतं की 'थंड' नळाला चटका बसतो, तेव्हा जुने लोक गीझर बंद ठेवून त्यातलं पाणी गार म्हणून वापरतात. कपडे सुती, पण ऑफिस आणि मेट्रोसाठी एक जॅकेट हवंच. पाऊस क्वचित, पण आला की गंमत बघा, १६ एप्रिल २०२४ ला अख्खं शहर तुंबलं होतं आणि विमानतळावर पाणी, मुंबईकराला अगदी घरच्यासारखं.

व्हॉट्सॲप कॉल तिथून सहसा लागत नाही, म्हणून निघायच्या आधी घरच्यांच्या फोनवर बोटिम हे कॉलिंग ॲप टाकून एकदा कॉल करून दाखवा. आणि लायसन्स. आपलं तिथे थेट बदलून मिळत नाही, टेस्ट द्यावीच लागते, शिवाय गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची. तरी इथलं लायसन्स सोबत असू द्या, आणि मुदत संपत आली असेल तर निघण्याआधी आरटीओत जाऊन रिन्यू करून टाका.