सौरसंचाची डीसी जोडणी नवशिक्यांना कशी शिकवावी

आयटीआयतून वायरमन होऊन आलेल्या मुलाला घराच्या गच्चीवर तीन किलोवॉटचा सौरसंच बसवायला शिकवायचे असेल, तर पॅनेल ज्यावर बसतात त्या सांगाड्यावर त्याचे आठ दिवस घालवू नयेत. सांगलीचा अक्षांश सुमारे १७ अंश असल्याने पॅनेलचा कल साधारण तेवढाच आणि तोंड दक्षिणेला ठेवावे; टाकीची किंवा नारळाची सावली टाळावी.

खरा कस लागतो तो पॅनेलची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, वीज नेणाऱ्या केबलला एमसी-४ कनेक्टर, म्हणजे आत धातूची पिन असलेला जोड, लावताना. 'पकडीने दाबला तरी चालतो' असे सांगणाऱ्याला गच्चीवरून खाली उतरवावे. सुरुवातीच्या काळात मीही तेच केले होते. तासगावातल्या एका घरी मी पकडीने दाबलेला कनेक्टर एप्रिलच्या उन्हात वितळला. कापून पाहिला तेव्हा तांब्याच्या निम्म्या तारा पिनेच्या बाहेरच दुमडलेल्या होत्या. ढिला जोड तापतो, आणि डीसी प्रवाह एसीसारखा क्षणोक्षणी शून्यावर येत नसल्याने पेटलेली ठिणगी सहजासहजी विझत नाही.

म्हणून चार चौरस मिलिमीटरच्या केबलचे टोक सहा-सात मिलिमीटर सोलावे, एकही तार तुटू देऊ नये, सगळ्या तारा पिनेत गेल्याची खात्री करून क्रिंपिंग टूलनेच, म्हणजे पिन तारांवर घट्ट दाबणाऱ्या खास हत्यारानेच, दाबावे आणि पिन ओढून पाहावी. मग ती कनेक्टरमध्ये 'टक्' आवाज येईपर्यंत सारून मागचा नट पान्याने आवळावा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसतात, तरी ते कधीही जोडू नयेत. माझ्याकडचा मुलगा टेबलावर पन्नास निर्दोष जोड करून दाखवेपर्यंत गच्चीची शिडी चढत नाही.

डीसीची घरच्या वापराची एसी वीज करणाऱ्या इन्व्हर्टरला जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने विद्युतदाब (व्होल्टेज) आणि धन-ऋण टोके तपासावीत. ५४० वॉटची सहा पॅनेल ओळीत असतील, तर तापलेल्या उन्हात २७० व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो. चालू संचाचा कनेक्टर कधीही ओढू नये. आधी एसी बाजू, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडची वीज तोडणारा स्विच) बंद करावा.

अर्थिंगचे तीन खड्डे, डीसी, एसी आणि आकाशातून पडणाऱ्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचा, वेगळे घ्यावेत. पीएम सूर्यघर योजनेतील तीन किलोवॉटसाठीच्या ७८,००० रुपयांच्या अनुदानाचा अर्ज ग्राहकाच्या नावाने भरावा. महावितरणचा नेट मीटर (आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारा) बसण्यापूर्वी संच मात्र सुरू करू नये, कारण काही साधे मीटर बाहेर गेलेली वीजही वापर म्हणून मोजतात आणि बिल उलट वाढून येते.