ब्रुग्मान्सियाला बोंड धरत नव्हतं, त्यावर लागू पडलेला उपाय

इंदूरला रामबागेतल्या आमच्या अंगणात पांढरी ब्रुग्मान्सिया (धोतऱ्याच्या कुळातलं, खाली लोंबणाऱ्या कर्ण्यासारख्या फुलांचं झाड) पावसाळा सरताना फुलांनी लगडायची, पण एकही बोंड धरायचं नाही. खत बदललं, पाणी कमी-जास्त केलं, फरक शून्य. खरं कारण असं की या झाडाच्या बहुतेक जातींना स्वतःचे पराग चालत नाहीत. आमची सगळी झाडं एकाच झाडाच्या छाटांपासून वाढवलेली, म्हणजे आतून एकच झाड!

मग देवासच्या मावशीकडून गुलाबी फुलं आणली. उमलण्याच्या बेतातल्या पांढऱ्या कळीला संध्याकाळी चीर देऊन पुंकेसर काढले, मऊ ब्रशने गुलाबीचे पराग कुक्षीवर लावले आणि वर मलमलची पिशवी बांधली. देठाला दोन्ही झाडांची नावं लिहिलेली चिठ्ठी अडकवली. हे मात्र चुकवू नका. आई-बाप ठाऊक नसतील तर पुढचा संकर कशाच्या आधारावर करणार?

बोंड धरलं! धोतऱ्यासारखे काटे नाहीत, गुळगुळीत आणि खाली लोंबणारं. पिकायला काही महिने लागतात, हिरवं तोडू नये. बियांचं बुचासारखं जाड आवरण भिजवून सोललं की अंकुर लवकर फुटतो.

हे सगळं हातमोजे घालूनच करा. झाडाच्या प्रत्येक भागात स्कोपोलामीन आणि अॅट्रोपीन ही विषारी द्रव्यं असतात, मुलांना जवळ येऊ देऊ नका.

जोडीही पारखून निवडा. ऑरिया, व्हर्सिकलर, सुआव्हिओलेन्स या ब्रुग्मान्सियाच्या जातींचं आपसांत जमतं. कँडिडा हा पहिल्या दोघांचाच संकर. थंड डोंगरातल्या सँग्विनिया जातीशी यांचं जुळत नाही.